तुरुंगाच्या दारातील माणसे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी या शाळेत शिकलो आणि पुढे त्यांचा सहकारी म्हणून याच शाळेत शिकवलेही. त्यामुळे आजचे निमंत्रण आले तेव्हा आनंदापेक्षा संकोचच अधिक वाटला. गुरुजींची एक सवय आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एखादा मुलगा सलग पंधरा दिवस गैरहजर राहिला, की नियमाप्रमाणे हजेरीपटावरून त्याचे नाव कमी करावे लागे. गुरुजी ते करीत. पण त्यापूर्वी सायकल काढून त्या मुलाच्या घरी स्वतः जाऊन येत. मुलगा आजारी आहे, कामाला लागला आहे, की वडिलांबरोबर गावाला गेला आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती लाल शाईची रेघ त्यांनी कधी ओढली नाही. आजचा माझा विषय त्या लाल रेघेशी जोडलेला आहे. समाजाच्या हजेरीपटावरून आपण काही माणसांची नावे फार झटपट कमी करतो. ती माणसे तुरुंगात असतात. त्यांच्या घरी कोण जाऊन येते, आणि ज्यांच्या घरचे कोणी आत आहे त्यांनी स्वतः काय केले आहे, याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

भैरवगढ म्हटले की आपणा उज्जैनकरांना तीन गोष्टी आठवतात. काळभैरवाचे मंदिर, सिद्धवटाचा घाट आणि छिपा कारागिरांची कापडावरील छपाई. तेथे चौथीही एक गोष्ट आहे, पण तिचा उच्चार आपण सहसा करीत नाही. तेथे आपले केंद्रीय कारागृह आहे. गेलेल्या माणसांना पिंड देण्यासाठी आपण सिद्धवटावर श्रद्धेने जातो. त्याच परिसरात जिवंत माणसे भिंतीआड आहेत, त्यांच्याकडे पाहण्याचे मात्र टाळतो. रक्षाबंधनाच्या दिवशी तेवढे चित्र बदलते. मध्यप्रदेशातील कारागृहांत त्या दिवशी बहिणींना भावाच्या मनगटावर राखी बांधू देण्याची प्रथा आहे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते, आपण क्षणभर हळहळतो, आणि वर्षभरासाठी पुन्हा विसरतो. ती बहीण मात्र विसरत नाही. तिला पुढच्या मुलाखतीची, पुढच्या तारखेची वाट पाहावयाची असते.

तुरुंग हा विषय मराठी वाचकाला परका नाही. आपल्या भाषेतील काही अत्यंत कोमल पुस्तके तुरुंगातच जन्मली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सहबंदींसमोर गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. परंतु ते राजबंदी होते. त्यांचा तुरुंगवास हा आपल्याला अभिमानाचा विषय वाटतो. चोरीच्या, मारामारीच्या, दारूच्या गुन्ह्यात पकडलेला मजूर आपल्याला त्या रांगेत बसवावासा वाटत नाही. मी आज बोलणार आहे तो या दुसऱ्या माणसाविषयी, आणि त्याच्याहीपेक्षा त्याच्या आईविषयी, बायकोविषयी, सुटून आलेल्या त्याच्या सोबत्याविषयी.

प्रथम थोडे आकडे सांगतो, कारण आकड्यांवाचून या प्रश्नाचा आकार कळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस भारतातील कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ इतकी होती आणि आत माणसे होती ५,७३,२२०. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. त्यांना आपण व्यवहारात ‘कच्चे कैदी’ म्हणतो. शंभरांतील पंचाहत्तर-शहात्तर माणसे कच्ची! विद्यार्थिमित्रांनो, नागरिकशास्त्रात आपण शिकतो की दोष सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोष मानला जातो. हे वाक्य परीक्षेत लिहिल्यास गुण मिळतात. तुरुंगाच्या दारात मात्र त्याचे मोल जामीनदार मिळतो की नाही यावर ठरते.

या जामीनदाराच्या प्रश्नाला आपल्या राज्याचा एक इतिहास आहे. मोतीराम नावाचा मध्यप्रदेशातील एक गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन मंजूर केला. पण खालच्या न्यायालयाने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ जामीन राहावयास तयार असता तो दुसऱ्या जिल्ह्यातला, त्याची मालमत्ताही दुसऱ्या जिल्ह्यातली, म्हणून त्याला नाकारले. मोतीराम पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला, आणि गरिबाच्या ऐपतीबाहेरचा जामीन मागणे म्हणजे जामीन नाकारणेच होय, हा विचार त्या निकालाने न्यायव्यवहारात आणला. एका गवंड्याने हार मानली नाही आणि त्याच्या भावाने हात आखडता घेतला नाही, म्हणून तो निकाल देशाला मिळाला.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगावयाची नव्हती. पण गुरुजींच्या नावाने उभे राहून ती लपविणे मला शक्य नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी माझा एक माजी विद्यार्थी एका भांडणाच्या प्रकरणात पकडला गेला. कोणत्या कारागृहात होता हे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्याला जामीन मंजूर झाला होता. त्याची आई माझ्याकडे आली. मजुरी करणारी बाई. तिने ऐकले होते की माझ्या नावावर वडिलोपार्जित थोडी शेती आहे आणि तिची ऋणपुस्तिका आहे. आपल्या भागात जामिनासाठी ती ऋणपुस्तिका किती मोलाची, हे येथील शेतकऱ्यांना ठाऊक आहे. ती म्हणाली, “माट्साब, तुमच्याजवळ शिकलेला पोरगा आहे. तुमचा कागद लागला तर तो उद्या घरी येईल.” मी म्हणालो, “विचार करून सांगतो.” मी विचार केला. मुलगा पळून गेला तर काय, शाळेत लोक काय म्हणतील, उगाच कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढा, असा सर्व विचार केला. आणि तिला काहीच सांगितले नाही. ती पुन्हा आली नाही. मुलगा त्यानंतर अकरा महिने आत राहिला आणि पुढे निर्दोष सुटला.

ती पुन्हा आली नाही असे मी म्हणालो, ते पूर्ण खरे नव्हे. दोन वर्षांनी आली. या वेळी तिच्याबरोबर दुसरी एक बाई होती आणि हातात शंभर पानी वही होती. तिला अक्षरओळख जेमतेम. पण त्या वहीत तिने कोणाकोणाकडून लिहून घेतले होते: कोणाचा मुलगा, कोणते कलम, कोणते न्यायालय, पुढची तारीख, वकील आहे की नाही, जामीन झाला आहे का, जामीनदार मिळाला आहे का. मुलाखतीच्या रांगेत भेटलेल्या बायकांची ती वही होती. मुलगा सुटल्यावरही तिने रांगेत जाणे थांबविले नव्हते. मला म्हणाली, “माट्साब, हिचा अर्ज लिहून द्या. हिच्या नवऱ्याला सरकारी वकील पाहिजे. तुमचे अक्षर चांगले आहे.” मागच्या प्रसंगाविषयी तिने एक शब्द काढला नाही. मी अर्ज लिहून दिला. त्या दिवसापासून मी या विषयाचा विद्यार्थी झालो. आज जे सांगतो आहे, त्याची सुरुवात त्या वहीपासून आहे.

सभ्यहो, तुरुंगसुधारणा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर समित्या येतात. त्यांचे कार्य मी कमी लेखीत नाही. १९८० ते १९८३ या काळात न्यायमूर्ती मुल्ला यांच्या समितीने देशभरातील कारागृहांचा अभ्यास केला. १९८७ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीने स्त्री-कैद्यांविषयी अहवाल दिला. २००३ आणि २०१६ मध्ये आदर्श कारागृह-नियमावल्या तयार झाल्या. तथापि राज्यघटनेप्रमाणे कारागृह हा राज्यांचा विषय आहे. १८९४ चा इंग्रजी अमदानीतील कायदा शंभराहून अधिक वर्षे आपण वापरीत राहिलो आणि मध्यप्रदेशाने त्याजागी नवा कायदा केला तो २०२४ मध्ये. समितीचा अहवाल आणि बराकीतील माणूस यांच्यामध्ये एक मोठे अंतर असते. इतिहास नीट पाहिला तर असे दिसते, की ते अंतर बहुधा आतून आलेल्या एखाद्या पत्राने किंवा दारात उभ्या असलेल्या एखाद्या नातेवाइकाने ओलांडले आहे.

उदाहरणे देतो. १९६० च्या दशकात भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी तुरुंगात ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी पुस्तक लिहिले. विषय विज्ञानाचा. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्यास शासनाने परवानगी नाकारली. ते उच्च न्यायालयात गेले, तेथे जिंकले. शासनाने अपील केले आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही संझगिरींचाच पक्ष ग्राह्य धरला. कायद्याने जेवढे स्वातंत्र्य काढून घेतले आहे त्याहून अधिक, तुरुंगात आहे एवढ्याच कारणाने, काढून घेता येत नाही, असा त्याचा आशय. एका मराठी पुस्तकाने देशातील प्रत्येक बंदिवानासाठी हे दार किलकिले केले, याची नोंद आपल्या साहित्येतिहासात फारशी आढळत नाही.

दुसरे उदाहरण दिल्लीच्या तिहार कारागृहातील. सुनील बात्रा हा फाशीची शिक्षा झालेला कैदी. त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले, ते स्वतःसाठी नव्हे. दुसऱ्या एका कैद्याचा एका वॉर्डरने अमानुष छळ केला होता, आणि त्या छळामागे भेटीस येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे उकळण्याचा हेतू होता, अशी ती तक्रार होती. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. १९७९ च्या डिसेंबरात लागलेल्या त्या निकालात कैद्यांसाठी तक्रारपेट्या, वकिलांच्या भेटी, आप्तेष्टांच्या मुलाखतींबाबत उदार धोरण, हिंदीतून कैद्यांसाठी माहितीपुस्तिका अशा अनेक गोष्टी आल्या. ध्यानात घ्या, त्या प्रकरणाच्या मुळाशी दारात उभे असलेले कुटुंब होते. आतल्या माणसाला जे दुःख दिले जाते ते पुष्कळदा बाहेरच्या माणसाच्या खिशासाठी असते. म्हणून कुटुंबे एकमेकांशी बोलू लागली, की तो व्यवहार अवघड होऊ लागतो. रांगेतील बायकांनी एकमेकींना ‘तुझ्याकडून किती मागितले?’ एवढा प्रश्न विचारणे, हेच सुधारणेचे पहिले पाऊल आहे.

तिसरे उदाहरण आपल्याच राज्यातील असून ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यात तुरुंगातील माणूस, त्याचे कुटुंब आणि सुटून आलेला माणूस, हे तिघेही आहेत. चंबळच्या खोऱ्यातील मानसिंगचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. मरण्यापूर्वी विनोबांचे दर्शन व्हावे, अशी इच्छा त्याने पत्राने कळविली. विनोबा त्या वेळी काश्मिरात पदयात्रेवर होते. त्यांनी मेजर जनरल यदुनाथसिंग यांना तुरुंगात पाठविले. त्या एका पत्रातून पुढे १९६० च्या मे महिन्यात विनोबांची भिंड-मुरैनाची यात्रा निघाली आणि वीस बागींनी त्यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. तहसीलदारसिंगची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली गेली.

हे सर्व सुरळीत झाले असे नाही. मध्यप्रदेशचे तत्कालीन पोलीस महानिरीक्षक रुस्तमजी यांनी विनोबांच्या त्या मार्गावर उघड टीका केली. डाकूंचा गौरव होतो आहे, आणि ज्या पोलिसांनी जिवावर उदार होऊन काम केले त्यांचा उपमर्द होतो आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते दुर्लक्षिण्यासारखे मुळीच नव्हते. परंतु नियतीचा खेळ पाहा. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेल्या याच रुस्तमजींनी पुढे राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून बिहारमधील तुरुंग पाहिले. वर्षानुवर्षे खटल्यावाचून खितपत पडलेले कच्चे कैदी त्यांनी पाहिले आणि १९७९ च्या प्रारंभी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये त्यावर लेख लिहिले. ते वाचून अ‍ॅडव्होकेट पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तोच हुसैनआरा खातून या नावाने प्रसिद्ध असलेला खटला. त्यातून हजारो कच्चे कैदी सुटले आणि शीघ्र न्याय हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचा भाग ठरला. विनोबांच्या टीकाकाराने बंदिवानांसाठी एवढे मोठे कार्य करावे, हे मला विसंगत वाटत नाही. त्यांनी आत जाऊन पाहिले होते. गुरुजींप्रमाणेच तेही घरापर्यंत जाऊन आले होते.

चंबळची कथा पुढे १९७१-७२ मध्ये येते. माधोसिंग हा नामांकित बागी ठेकेदाराचे सोंग घेऊन पाटण्यास जयप्रकाश नारायण यांच्याकडे गेला आणि तेथे त्याने स्वतःची खरी ओळख दिली. जयप्रकाशांनी चंबळ घाटी शांती मिशन उभे केले. त्या वेळी खोऱ्यात निरोप घेऊन गेले ते कोण? १९६० मध्ये शरण आलेले पंडित लोकमन आणि तहसीलदारसिंग. तुरुंग पाहून आलेली माणसे! ज्या बागींचा कोणत्याही सरकारी कागदावर विश्वास नव्हता, त्यांनी या माणसांच्या शब्दावर विश्वास ठेवला. उज्जैनच्या सार्वजनिक जीवनातून पुढे आलेले प्रकाशचंद्र सेठी त्या वेळी मुख्यमंत्री होते. १९७२ च्या एप्रिलमध्ये जौरा येथे आत्मसमर्पणाचा सोहळा झाला. फाशी दिली जाऊ नये, बायकामुलांची उपजीविका आणि मुलांचे शिक्षण यांची व्यवस्था व्हावी, हे बोलणीतील मुख्य मुद्दे होते. १९७३ मध्ये मुंगावली येथे त्यांच्यासाठी खुले कारागृह निघाले.

या मागण्यांकडे नीट पाहिले पाहिजे. शिक्षा नको, असे त्या माणसांनी म्हटले नव्हते. माझी शिक्षा मी भोगतो, पण ती माझ्या मुलाला भोगावयास लावू नका, असे ते म्हणत होते. कुटुंबाला शिक्षेच्या बाहेर ठेवा, एवढीच ती मागणी होती आणि तीत शहाणपण होते. आपल्या महाराष्ट्रात औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. तेथे कैद्यांना कुटुंबासह राहून शेती करता येऊ लागली. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाचे बीज त्याच प्रयोगात आहे. स्वतंत्रपूर आणि मुंगावली यांच्यामध्ये शेकडो मैलांचे आणि चौतीस वर्षांचे अंतर आहे. पण दोन्हीकडे सिद्ध झाले ते एकच. बांधून ठेवणारी भिंत नसली तरी बांधून ठेवणारे नाते असेल, तर माणूस पळत नाही.

आता एक आक्षेप. एखादा श्रोता मनात म्हणत असेल, की आपण कैद्यांच्या कुटुंबांविषयी बोलता. ज्यांचा मुलगा मारला गेला, ज्यांचे घर लुटले गेले, त्यांच्या कुटुंबाचे काय? हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे आणि तो योग्यच आहे. माझे उत्तर असे, की खटला वर्षानुवर्षे रेंगाळल्याने पीडितालाही न्याय मिळत नाही. निर्दोष माणूस आत असतो, याचा अर्थ अनेकदा खरा गुन्हेगार बाहेर असतो. आणि तुरुंगातून जो माणूस अधिक कडवट, अधिक निराधार होऊन बाहेर येतो, तो पुढच्या पीडिताला जन्म देतो. त्या वहीवाल्या बाईने मला एकदा सांगितले होते, की रांगेत उभी असताना ज्याच्या मुलाने खून केला आहे अशी बाई कोण आणि निर्दोषाची आई कोण, हे मी विचारीत नाही. तारीख कधी आहे एवढेच विचारते. न्यायाधीशाचे काम तिने न्यायाधीशाकडे राहू दिले होते. आपण सुशिक्षितांनी एवढा विवेक शिकण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट. सुटून आलेल्या माणसाची साक्ष आपण सहसा ग्राह्य धरीत नाही. तुरुंग त्याने पाहिलेला असतो, पण तुरुंगाविषयी बोलतो दुसराच कोणी. अलीकडचे उदाहरण याच्या उलट आहे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी कारागृहांत जातीनुसार कामे वाटली जातात, स्वयंपाक एका जातीकडे आणि संडाससफाई दुसऱ्या जातीकडे जाते, याविषयी लेखन केले. त्याचा आधार तुरुंगातून आलेल्या माणसांनी सांगितलेले अनुभव हाच होता. मग त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने अनेक राज्यांच्या नियमावल्यांतील असे नियम घटनाबाह्य ठरविले. त्यात आपल्या मध्यप्रदेशाच्या नियमावलीतील तरतुदीही होत्या. विमुक्त जमातींच्या माणसाला केवळ जन्मावरून सराईत गुन्हेगार मानण्याची मुभा देणारा नियमही त्यांत होता. माळव्यात पारधी, कंजर, सांसी या समाजांची वस्ती आहे. त्यांच्या पोरांना या निकालाचा अर्थ कोणी समजावून सांगितला आहे काय, हा प्रश्न आपल्यासारख्या शाळांनी स्वतःला विचारावा.

कायद्याने आज काही साधने हाती दिली आहेत. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, ज्याचा पहिलाच गुन्हा आहे अशा कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडावयाचे असते. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. फाशी वा जन्मठेपेस पात्र गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना हे लागू नाही. जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून अडकलेल्या गरीब कच्च्या कैद्यासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि दंड भरता येत नाही म्हणून अडकलेल्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत साहाय्याची तरतूद २०२३ च्या केंद्रीय योजनेत मुळात होती. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. प्राधिकरणाच्या योजनेत शिकलेल्या, दीर्घ मुदतीच्या कैद्यांनाच विधी-स्वयंसेवक म्हणून तयार करण्याची तरतूद आहे; कारण आतल्या माणसाची अडचण आतल्याच माणसाला प्रथम कळते.

परंतु ही साधने आपोआप चालत नाहीत. एक-तृतीयांश काळ केव्हा पुरा होतो, हे कोणीतरी मोजावे लागते. कोणाचा पहिला गुन्हा आहे, हे कोणीतरी सांगावे लागते. योजनेचा अर्ज कोणीतरी भरावा लागतो. कायदा हे काम अधिकाऱ्यांवर सोपवितो. पण शेकडो नावांमधून एक नाव वर काढण्यासाठी बाहेरून एक माणूस त्या नावाचा उच्चार करीत राहणे आवश्यक असते. ज्याचा उच्चार करणारे कोणी नसते, तो मागे राहतो. त्या शंभर पानी वहीचे महत्त्व एवढ्याचसाठी आहे. ज्याला आपण मोठ्या भाषेत लोकचळवळ म्हणतो, तिचे मूळ रूप पुष्कळदा असेच असते: एक वही, एक पेन्सिल, आणि रांगेतून न हटणारी एक बाई. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी कैद्यांच्या आयांनी एकत्र येऊन अशीच एक संघटना उभी केली. एकमेकींच्या मुलांच्या खटल्यांना जाऊन बसणे हे तिचे काम होते. न्यायालयात मुलामागच्या बाकावर चार माणसे बसलेली दिसावीत, यात केवढा अर्थ आहे, हे आपल्या रांगेतील बाईला त्या शहराचे नाव माहीत नसतानाही कळले होते.

या कामाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हा भार बहुतेक सारा बायकांवर पडतो. मजुरीचा दिवस बुडवून त्या मुलाखतीला येतात, आणि मुलाखत संपली की गल्लीतील लोकांच्या नजरा झेलत घरी जातात. सुटून आलेल्यांना काम मिळत नाही, भाड्याने खोली मिळत नाही. अशा माणसाकडून समाजसेवेची अपेक्षा करणे सोपे नाही. आणि लहान मुले? सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालाप्रमाणे सहा वर्षांपर्यंतचे मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकते. सातव्या वर्षी ते बाहेर येते आणि कुठल्यातरी शाळेत पहिलीच्या वर्गात बसते. ती शाळा आपलीही असू शकेल. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला घरी काय सांगितले जाते, यावर त्या मुलाचे पुढचे आयुष्य ठरते.

म्हणून शेवटी मी या शाळेसमोर तीन गोष्टी ठेवतो. पहिली: ज्या विद्यार्थ्याच्या घरचे कोणी तुरुंगात असेल, त्याच्याविषयी शिक्षकांच्या खोलीत कुजबूज होऊ नये आणि फीवाचून त्याचे नाव कमी होऊ नये. दुसरी: आठवड्यातून एक दिवस, रविवारी, शाळेच्या व्हरांड्यात एक टेबल मांडावे. दोन सेवानिवृत्त शिक्षक आणि वरच्या वर्गातील दोन विद्यार्थी तेथे बसतील आणि ज्याला अर्ज लिहून हवा असेल त्याला लिहून देतील. कायदेशीर सल्ला विधी सेवा प्राधिकरणाचे वकील देतील. आपण फक्त अक्षर द्यावयाचे. जे सुटून आले आहेत, त्यांनाही त्या टेबलामागे खुर्ची द्यावी, टेबलासमोर नव्हे. तिसरी गोष्ट माझ्याच वयाच्या श्रोत्यांसाठी आहे. आपल्यापैकी ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे, त्यांच्याकडे उद्या एखादी आई येईल. आपण जामीन राहावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यात धोका आहे, हे मी नाकारीत नाही. पण “विचार करून सांगतो” असे म्हटले, तर विचार करून सांगावे. नाही म्हणावयाचे असेल तर तिच्या तोंडावर नाही म्हणावे, म्हणजे ती दुसऱ्या दारी जाऊ शकेल. मी तिला अकरा महिने वाट पाहावयास लावले. त्या काळात ती दुसऱ्या कोणाकडे गेली होती का, हे तिला विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

गुरुजींच्या काळचे हजेरीपट शाळेच्या कपाटात अजून आहेत. मागच्या आठवड्यात मी त्यांतील काही चाळले. त्या मुलाचे नाव मला सापडले. त्याच्या नावापुढे एके ठिकाणी सोळा दिवसांची गैरहजेरी आहे आणि सतराव्या दिवशी पुन्हा ‘ह’ आहे. मध्ये लाल रेघ नाही. गुरुजी तेव्हा त्याच्या घरी जाऊन आले असले पाहिजेत.